हरिहर किल्ल्याच्या ट्रेकला मी का येत नाहीये

प्रिय पश्या,

मी ट्रेकला नाही म्हटल्यावर "तब्येत तर घोड्यासारखी आहे, मग नाटकं कसली करतोस" असं लिहिलंयस ना, त्याचं उत्तर दोन ओळीत मावणार नाही म्हणून लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बस.

पावसाळ्यात इथे घरोघरी ताप होता तेव्हा मलाही व्हायरल झाला, अंगदुखी, घसा, नेहमीचंच. ताप उतरला आणि सातपूरला कामावर जायला लागलो, पण जिना चढला की धाप लागायची आणि रात्री डाव्या कुशीवर वळलं की छातीत एक ठोका गायब, मग दाणकन एक मोठा. डॉक्टर म्हणाले ठोका गायब होत नाही, तो वेळेआधीच पडतो. हृदय तेव्हा पुरतं भरलेलंच नसतं म्हणून तो कळत नाही, मग जरा थांबा मिळतो, त्यात रक्त जास्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात जाणवतो. असे एक्स्ट्रा ठोके धडधाकट माणसालाही पडतात, जागरण झालं, टेन्शन असलं की पडतात, नुसतं तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. माझं प्रकरण पुढे गेलं कारण रक्ताच्या तपासणीत ट्रोपोनिन वाढलेलं आलं, म्हणजे हृदयाच्या स्नायूला कुठेतरी इजा झालीय. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नॉर्मल, पण एमआरआयमध्ये सूज सापडली. मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूलाच सूज.

मधे होल्टर लावलं होतं, म्हणजे ठोक्यांची सतत नोंद ठेवणारं यंत्र, चोवीस तास. छातीवर चिकटपट्ट्या, वायरी, कमरेला डबी, आणि आंघोळ बंद. धडधडलं की बटण दाबायचं आणि वहीत वेळ लिहायची. घामाने पट्टीखाली अशी खाज सुटते की विचारू नकोस, आणि शेजारचे काका भेटले तर म्हणे "पेसमेकर बसवला का रे".

आता मुद्दा. फ्लू, कोविड, कॉक्सॅकी, पार्व्हो असे बरेच व्हायरस ही सूज आणू शकतात, आणि बऱ्याचदा व्हायरस कमी झाल्यावरही आपलीच इम्युनिटी त्या स्नायूला चावत राहते. हृदयातला करंट एका पेशीतून दुसरीत जातो. सुजलेल्या भागात तो रेंगाळतो, आणि तिथेच गोल गोल फिरायला लागला तर हृदय भन्नाट वेगाने पळतं. दम लागेल असा व्यायाम केला की अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं आणि हा धोकाही वाढतो, धडधाकट दिसणारे तरुण खेळाडू मैदानात कोसळतात त्यातल्या काहींच्या मागे हेच असतं. म्हणून तीन ते सहा महिने पळणं, ट्रेक, जिम सगळं बंद, नंतर पुन्हा होल्टर आणि स्ट्रेस टेस्ट (व्यायाम करताना ईसीजी) करून मगच परवानगी. हरिहरच्या त्या उभ्या पायऱ्यांवर, मागे पुढे माणसं असताना, चक्कर आली तर काय ते तूच सांग.

सगळ्यांचं असंच होतं असं नाही हां. आमच्या दाजींना डेंगी झाला, ताप उतरताना नाडी पन्नासच्या खाली, घरात रडारड. डेंगीत बरं होताना नाडी मंद पडते आणि बहुतेकांची आपोआप ताळ्यावर येते, त्यांचीही आली, नुसतं लक्ष ठेवलं. मला खरी चीड येते ती मेडिकलवाल्याकडून परस्पर अ‍ॅझिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक गोळी आणून खाणाऱ्यांची, व्हायरलवर त्याचा उपयोग नाही, आणि उलट्या जुलाबाने पोटॅशियम कमी झालेलं असेल तर त्या गोळीनेही काही जणांची लय बिघडू शकते. तुझा पुतण्या तापातही कबड्डीच्या प्रॅक्टिसला जातो म्हणालास ना, त्याला ताप पूर्ण जाऊन ताकद येईपर्यंत घरी बसव, आणि छातीत दुखलं, धाप लागली, घेरी आली तर वाट न बघता ईसीजी.

मी गाडी घेऊन पायथ्याच्या निरगुडपाड्यापर्यंत येतो, तुम्ही वर जा, मी खाली गावात थांबतो. येताना मिसळ तुझ्याकडून. आणि सॅक माझी ने, पण तिची चेन दुरुस्त करून आण यावेळी.

तुझाच,
नित्या