पाण्याची वाट पाहताना

सोलापूर,
सोमवार, रात्री

प्रिय मित्रा,
सप्रेम सलाम.

परवा फोनवर तू म्हणालास, "प्रार्थनेला बसतो, पण तोंडातून शब्दच निघत नाही," आणि लगेच मुलांच्या परीक्षेचं काढलंस. तेव्हा मी गप्प राहिलो. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून आज जेवण झाल्यावर लिहायला बसलोय.

आई गेल्यावर माझंही तेच झालं होतं. तुला कधी बोललो नाही. भेटायला येणारं प्रत्येक माणूस "देवाची इच्छा" म्हणायचं आणि मी मान हलवायचो. रविवारी उपासनेला जायचो, डोळे मिटायचो, "हे दयाळू पित्या" म्हणायचो आणि तिथंच अडायचो. लहानपणापासून पाठ झालेली आभाराची, विनंतीची वाक्यं सगळी होती, पण पोटात जे कालवत होतं त्याला त्यांत जागाच नव्हती. सात-आठ महिने असेच गेले.

मग उन्हाळा आला. आमच्याकडचं पाणी तुला माहीत आहे. चार-चार, पाच-पाच दिवसांनी येतं, तेही रात्री-अपरात्री. पहाटे तीनला बादल्या, घागरी मांडून नळापाशी बसलो होतो. आधी नळातून नुसती हवा येते, फुसफुस करते आणि थांबते. आलं आलं म्हणून उठावं तर थेंब नाही. पुन्हा बसायचं. त्या अंधारात बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं, म्हणजे त्यातल्या दीडशे प्रार्थनागीतांपैकी, १३० वं स्तोत्र आठवलं, तेही आईच्या आवाजात. पहारेकरी पहाटेची वाट पाहतात त्याहून अधिक माझा जीव प्रभूची वाट पाहतो, असं त्यात आहे, आणि पहारेकऱ्यांचं ते बोलणं लगेच दुसऱ्यांदा येतं. लहानपणी वाटायचं, छापणाऱ्याची चूक असेल. त्या रात्री दोनदा का ते कळलं. वाट पाहणाऱ्याचं एकदा म्हणून भागत नाही. मीही म्हटलं, दोनदा, मोठ्यानं. आठ महिन्यांत देवाशी बोललेलं ते माझं पहिलं खरं वाक्य.

आई विड्या वळायची ते तुला आठवत असेल. मांडीवर सूप, भिजवलेलं पान कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, बोटांचा एक वळसा, दोरा. दिवसाला हजार. आणि ओठ सारखे हलत असायचे. आम्हाला वाटायचं, मोजतेय. ती स्तोत्रं म्हणत असायची. पुढं चर्चच्या पाळकसाहेबांनी सांगितलं, पहिल्या स्तोत्रात जो माणूस रात्रंदिवस मनन करतो म्हटलंय, तिथल्या मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ पुटपुटणं असा आहे. बायबलातल्याच यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठीही तोच शब्द आलाय. ऐकलं आणि डोळ्यांपुढं ते सूप आलं. पाण्याच्या प्रवाहाकाठी लावलेलं झाड त्याच स्तोत्रात आहे, मित्रा, आणि माझी आई तशीच होती.

म्हणून तुला सांगतो, नुसत्या डोळ्यांनी वाचू नकोस. पुटपुट. गाडी चालवताना, भाजी निवडताना, कसंही.

मी आधी रोज पाच म्हणायला घेतली होती, म्हणजे ३० दिवसांत १५० पुरी होतात. बरेच जण तसं करतात, पण माझ्या अंगी काही लागलं नाही. मागावरचा ताणा संपवावा तसा मी ती संपवत होतो. आता एकच घेतो, सकाळी तेच आणि रात्रीही तेच. ११९ वं मात्र तोडून घ्यावं लागतं. त्याच्या १७६ ओव्या आहेत, हिब्रूतल्या २२ अक्षरांना प्रत्येकी आठ. दिवसाला एक अक्षर पुरे.

तू १३ व्यापासून सुरुवात कर. सहाच ओव्या आहेत आणि पहिल्या दोनांतच चार वेळा "कुठवर?" विचारलंय. कुठवर मला विसरणार, कुठवर तोंड लपवणार. देवाशी असं बोलायचं नसतं असं आपल्याला घरात शिकवलं होतं ना? पण आपल्याच मातीत बघ, पंढरीच्या वाटेवरचे संत विठ्ठलाशी किती भांडले! परक्याशी कोण एवढं भांडतं? ८८ वं तर अंधार या शब्दावरच संपतं. शेवटी कुठं उजाडत नाही, आभार नाहीत. आईच्या मागं मला सगळ्यात जास्त धीर त्याच स्तोत्रानं दिला, कारण असा माणूससुद्धा पवित्र शास्त्रात आहे आणि त्याला कुणी गप्प बस म्हटलेलं नाही.

शत्रूला शाप देणारी स्तोत्रंही आहेत, ती वाचून तू दचकशील. एका व्यापाऱ्यानं माझी तीन महिन्यांची मजुरी बुडवली, तेव्हा रात्री दार लावून १०९ वं म्हणायचो. रडायचो. मनातलं सगळं विष देवापुढं ओकून झालं की त्या माणसाच्या दारात जाऊन त्याची गचांडी धरावीशी वाटेना. पैसे आजही आले नाहीत. पण हात स्वच्छ राहिले.

कधी स्तोत्र आनंदाचं निघतं आणि आपण रडवेले असतो. सुरुवातीला मी ते सोडून द्यायचो. आता शेजाऱ्याच्या नातवाला नोकरी लागली असेल तर त्याच्या वतीनं म्हणतो. आणि दुःखाचं निघालं, मी मजेत असलो, तर ते दवाखान्यात पडलेल्या कुणासाठी. माझी प्रार्थना माझ्या घराच्या उंबऱ्याबाहेर पडली ती इथंच. प्रभू येशूनंही वधस्तंभावर २२ व्या आणि ३१ व्या स्तोत्राचेच शब्द उच्चारले. प्राण जाताना त्यालाही हेच शब्द जवळचे वाटले, याचा मी अजून विचार करत असतो.

चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या अथनाशियस नावाच्या बिशपनं मार्सेलिनस नावाच्या आजारातून उठलेल्या मित्राला असंच पत्र लिहिलं होतं. स्तोत्रं आरशासारखी आहेत, म्हणणाऱ्याला त्यांत स्वतःच्या जिवाची हालचाल दिसते, असं त्यात आहे.

तुझ्या आजाराचं फोनवर तू फार थोडं सांगितलंस. मीही खोदून विचारत नाही. मला नाही सांगितलंस तरी चालेल, देवाला सांग. नीट शब्दांत नाही जमलं तर १३ व्यातले शब्द उसने घे.

बुधवारी रात्री आमचं पाणी आहे. तीनच्या सुमाराला मी नळापाशी असेन. तेव्हा तुझ्या वतीनं तेरावं म्हणेन, आणि पाणी येईपर्यंत म्हणत राहीन.

वहिनींना आणि मुलांना सलाम.

तुझा,
सोलापूरचा मित्र