पहार खाली ठेवणाऱ्या पोरांना

प्रिय पोरांनो,

सेव्हन्थ वॉर्डातल्या आमच्या गल्लीतर्फे हे पत्र. चारचौघांत लिहितेय, कारण उन्हाळ्याच्या सुट्टीत न्यू ऑर्लिन्सला कतरिना वादळात बुडालेली घरं साफ करायला यायचं म्हणणारी आणखी मराठी मुलं आहेत. तुम्ही काय केलंत ते त्यांनाही कळू दे.

तुमच्या आधी समोरच्या आजींच्या घरी कोण कोण येऊन गेलं, तेही सांगते. विम्याचा माणूस आला. भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ आहे, तिला टेप लावली, नुकसान वाऱ्याने नाही, पुराने झालं असं लिहिलं आणि गेला. इथे घराच्या विम्यात वारा धरतात; पुराची पॉलिसी वेगळी. 29 ऑगस्ट 2005 ला आधी छप्पर फाटलं की आधी कालव्यांच्या भिंती फुटल्या, हे त्या रेघेला विचारून कळतं होय? मग ठेकेदार आला. आगाऊ रक्कम घेतली, मागच्या खोलीतलं निम्मं सामान रस्त्यावर ओतलं, ओलं इन्सुलेशन भिंतीतच ठेवलं, लाकडातले खिळे तसेच सोडले. आता फोन उचलत नाही.

म्हणून मार्च 2006 मध्ये तुम्ही पांढरे सूट आणि एन-95 मास्क चढवून आलात, तेव्हा आजींनी कपाळाला आठीच घातली. पण तुम्ही आधी गॅस आणि वीज बंद आहे ना ते पाहिलंत. फ्रिजचं दार उघडून बघायचा मोह आवरलात, डक्ट टेप गुंडाळून तो तसाच ढकलगाडीवर घालून बाहेर काढलात. ऑगस्टपासून बंद असलेला फ्रिज ज्याने एकदा उघडलाय, तो दुसऱ्यांदा उघडत नाही. रस्त्याकडेला ढीग वेगवेगळे लावलेत: यंत्रं एकीकडे, रंग-रसायनं एकीकडे, भिंतींचा राडारोडा तिसरीकडे.

आणि पुढच्या खोल्यांच्या भिंती पाडल्या नाहीत, हे मोठंच काम. नव्याने येणाऱ्यांनी हे नीट वाचा. ड्रायवॉल म्हणजे कागदात गुंडाळलेलं जिप्सम. ते पाणी वर ओढतं आणि कागदावर बुरशी माजते, म्हणून रेघेच्या बरंच वरपर्यंत काढावं लागतं. पाणी गुडघाभर असेल तर चार फुटांवर कापतात, कारण बोर्ड चार फूट रुंद येतो आणि नवा तिथे बरोबर बसतो. इथे पाणी डोक्याएवढं आणि आठवडेच्या आठवडे साचलेलं, त्यामुळे मागच्या वाढीव खोलीतलं छतापर्यंत गेलं, ते योग्यच. पण पुढचा भाग जुना, सायप्रसच्या लाकडी पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा. तो भिजतो, सुकतो आणि पुन्हा उभा राहतो. तुमच्यातली एक मुलगी बोटाच्या पेराने भिंत ठोकत गेली. पोकळ वाजलं तेवढंच काढलं. या शहरात अशा कितीतरी चांगल्या भिंती निव्वळ उत्साहाने पाडल्या गेल्यात.

तरी आजी आजही सांगतात ती गोष्ट वेगळीच. मागच्या खोलीत कपाट कोसळलं होतं आणि त्याखाली वाळून भेगाळलेल्या चिखलाची लादी. घमेली भरायला सुरुवात झाली, तेवढ्यात एकाने पहार खाली ठेवली. चिखलात काहीतरी चमकत होतं. त्याने ते फेकलं नाही, खिशातही घातलं नाही. ओसरीवर जाऊन आजींना दाखवलं आणि हे काय आहे ते विचारलं.

तो त्यांच्या यजमानांनी मार्डी ग्राच्या सणात मिरवायला शिवलेला सूट होता. म्हणजे त्याचं जे उरलं ते. असे मण्या-पिसांचे सूट घालून मिरवणाऱ्या इथल्या कृष्णवर्णीयांच्या टोळ्यांना 'इंडियन' म्हणतात. शहराच्या अपटाउन भागातले 'इंडियन' मण्यांनी सपाट चित्रं भरतात. आमच्या डाउनटाउनकडे पुठ्ठ्याचे उठावदार आकार करून त्यावर टिकल्या, मोती, खडे चढवतात. पुठ्ठ्याचा लगदा झाला, पिसं कुजली, दोरा तुटला. मणी आणि खडे तेवढे राहिले. सूट दरवर्षी नवा शिवायचा असतो, आणि जुन्यातला माल उसवून नव्यात वापरतात. म्हणजे तो कचरा नव्हता, पुढच्या सुटाचं भांडवल होतं.

मग तुम्ही खिडकीची डासांची जाळी काढून चौकटीवर ताणलीत आणि त्या कोपऱ्यातला सगळा चिखल हातमोजे घालून, पाणी ओतत चाळलात. ब्लीच वापरलं नाहीत हे फार बरं केलंत. त्याने खड्यामागची चंदेरी झिलई उडते. भांड्याचा साबण, मऊ टूथब्रश, दोन बादल्या पाणी, आणि जुन्या चादरीवर सावलीत वाळवण. टिकल्यांचा रंग गेला. मणी जसेच्या तसे.

'यलो पोकाहॉन्टस' या इंडियन टोळीचे बिग चीफ, म्हणजे म्होरके, टूटी मोंटाना याच वॉर्डातले. पन्नासहून अधिक वर्षं त्यांनी सूट शिवले, आणि पोटापाण्याचा धंदा होता गिलाव्यामागच्या पट्ट्या ठोकण्याचा. 27 जून 2005 ला, सेंट जोसेफच्या सणाच्या रात्री (19 मार्च) मिरवणाऱ्या इंडियनांना पोलिसांकडून मिळणाऱ्या वागणुकीबद्दल नगर परिषदेसमोर बोलताना ते कोसळले आणि गेले. वादळ दोन महिन्यांनी आलं. एकाच घरात तुम्ही पट्ट्याही वाचवल्यात आणि मणीही, हे तुमच्या ध्यानात आलं होतं का, कोण जाणे!

माणसाला विचारून त्याच्या वस्तूला हात लावायचा, यात अवघड काही नाही. पगार घेऊन आलेल्यांना जमलं नाही, एवढंच.

मण्यांची बरणी आता ह्यूस्टनला आजींच्या नातवाकडे गेलीय. वादळापासून तो तिथेच आहे आणि 20 फेब्रुवारी 2007 च्या मार्डी ग्रासाठी शिवायला बसलाय. मागच्या खोलीचं लाकूड अजून ओलं आहे. ओलावा पंधरा-सोळा टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय नवा बोर्ड लावायचा नाही, असं तुम्ही बजावून गेलात, तसंच चाललंय. आलात तर ओलावा मोजायचं यंत्र आणा, इथलं बिघडलंय. आणि सोमवारी या. सोमवार हा इथे जुन्या काळापासून धुण्याचा वार, म्हणून लाल राजमा सकाळीच मंद आचेवर चढतो. आजी तुमच्यासाठी सॉसेज न घालता वेगळं पातेलं ठेवणार आहेत.

तुमची,
समोरच्या घरातली काकू