विषय: पैसे घेऊन ठेवल्यावर बुशक्राफ्ट (जंगलात राहताना लागणाऱ्या कामांच्या) सुरीचं स्पेसिफिकेशन परस्पर बदलल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, उत्पादन विभाग आणि ग्राहक सेवा विभाग

तुमच्या ग्राहक सेवेने आत्ताच माझं बोलणं अर्धवट तोडून फोन ठेवला. म्हणून आता लेखी कळवतो आहे, आणि हे पत्र निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाने वाचावं अशी माझी मागणी आहे.

तुमच्या नव्या फिक्स्ड ब्लेड (न मिटणाऱ्या) सुरीसाठी मी पूर्ण रक्कम आगाऊ भरली ती तुमच्याच घोषणेच्या भरवशावर. सीपीएम ३व्ही स्टील, ५८ ते ६० रॉकवेल कडकपणा, ४ मिलिमीटर जाडीचं पातं, स्कँडी ग्राइंड (धारेपर्यंत एकच सपाट उतार), मुठीच्या टोकापर्यंत फुल टँग (पात्याचंच स्टील मुठीतून गेलेलं), मायकार्टाची (राळेत दाबलेल्या कापडी थरांची) मूठ, आणि काटकोनी, कोटिंग नसलेली पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूची कड. ही यादी तुम्ही छापलीत. तारीख पुढे गेली तेव्हा मी गप्प राहिलो. पुन्हा गेली तेव्हाही राहिलो, कारण पात्याला पाणी नीट बसायला वेळ लागत असेल तर लागू दे, असंच मला वाटत होतं. उशीर मी सहन केला आहे. मी ज्याची वाट पाहत होतो ती वस्तूच तुम्ही बदललीत, हे सहन करणार नाही.

बदल मला तुम्ही कळवला नाहीत. डिलिव्हरीची नवी तारीख बघायला गेलो तेव्हा उत्पादनाच्या पानावर ३व्ही जाऊन तिथे डी२ हे दुसरंच स्टील आलेलं दिसलं. फोटोही बदलला होता. पाठीवर काळं कोटिंग, कडा गोल केलेल्या, आणि मायकार्टाच्या जागी साच्यात ओतलेली रबरी मूठ. ना ई-मेल, ना मेसेज, ना 'चालेल का' अशी साधी विचारणा. नाव तेच, किंमत तीच, आत सुरी दुसरी.

तुमच्या कारखान्यात हे कोणाला ठाऊक नाही असं मी मानत नाही. ३व्ही हे पावडर मेटलर्जीचं, म्हणजे धातूची पूड दाबून बनवलेलं, स्टील आहे आणि त्याची ख्याती चिवटपणासाठी आहे. डी२ मुळात साचे आणि डाय बनवण्यासाठीचं. झीज कमी, धार बराच काळ टिकते, ते मान्य. पण साध्या पद्धतीने ओतलेल्या डी२ मधले कार्बाइड, म्हणजे कार्बनचे कठीण कण, जाडेभरडे असतात. स्कँडी ग्राइंडला धारेपाशी दुसरा छोटा उतार, म्हणजे दुय्यम बेव्हल, नसतो, त्यामुळे धारेमागे आधाराला धातू फार थोडा. अशी बारीक धार वाळक्या लाकडाच्या गाठीवर आडवी पिळली गेली की डी२ च्या कपच्या उडण्याची भीती ३व्ही पेक्षा कितीतरी जास्त. आणि बुशक्राफ्टमध्ये गाठी टाळता येत नाहीत. पातं ओंडक्याच्या तोंडावर ठेवून पाठीवर दांडकं हाणायचं, हेच तर या सुरीचं रोजचं काम. घोषणेच्या व्हिडिओत तुम्ही तेच दाखवलं होतंत.

आणि पाठ. फेरो रॉडवरून, म्हणजे आग पेटवायच्या धातूच्या कांडीवरून, ठिणगी पडते ती काटकोनी, कोऱ्या कडेने रॉडचा धातू खरवडला जातो म्हणून. कड गोल केली आणि वर कोटिंग चढवलं की पातं नुसतं घसरतं. सालीचा भुगा पाडायलाही हीच कड लागते, म्हणजे धार वाचते. ओल्या हवेत, बोटं गारठलेली असताना ही कड असणं आणि नसणं यांत शेकोटी पेटण्याचा आणि न पेटण्याचा फरक आहे.

आता आजच्या फोनबद्दल. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एक प्रतिनिधी आले. मी ऑर्डर क्रमांक सांगितला आणि विचारलं, स्टील का बदललं? उत्तर आलं, "सर, डी२ अपग्रेड आहे. त्यात कार्बन जास्त आहे." मी म्हटलं, जास्त आहेच, ३व्हीमध्ये साधारण ०.८ टक्के आणि डी२ मध्ये दीड टक्क्याच्या आसपास, आणि चिवटपणा कमी होण्याचं एक कारण तेच आहे. ते म्हणाले, "म्हणजे जास्तच आहे ना, सर." मग मी टँगबद्दल विचारलं. आधीच्या फोटोत मायकार्टाच्या दोन पट्ट्यांमधून स्टीलची रेघ शेवटपर्यंत दिसत होती. आता रबराने सगळं झाकलंय, तर आत टँग कुठपर्यंत आहे? मला होल्डवर ठेवलं. परत येऊन ते म्हणाले, "सर, मुठीत स्टील आहे." कुठपर्यंत? "आहे, सर." मी पुन्हा विचारलं, शेवटपर्यंत आहे की अर्ध्यात संपतं? "सर, आमच्या सिस्टीममध्ये 'मूठ: आरामदायी' असं लिहिलंय."

इथपर्यंत मी आवाज चढवला नव्हता. मग मी पाठीचा विषय काढला आणि ठिणग्या कशा पाडायच्या असं विचारलं. त्यावर ते म्हणाले, "आग लावायची असेल तर लायटर घ्या ना, सर. चाकूने कोण आग लावतं?" आणि मी काही बोलायच्या आत, "तुम्हाला घाई असेल तर आमचा किचन नाइफचा सेट स्टॉकमध्ये आहे. तोही स्टीलचाच आहे. त्यावर बदलून देऊ का?"

बुशक्राफ्टची सुरी म्हणून पैसे घेतलेल्या कंपनीचा माणूस मला ओंडके फोडायला स्वयंपाकघरातल्या सुऱ्या देऊ करतो! मी वरिष्ठांना जोडून द्या म्हटलं, तर "वरिष्ठ हेच सांगतील, सर" म्हणून फोन ठेवला. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला माहिती न देता फोनवर बसवणारे तुम्ही आहात. पण ते किचन नाइफ मी विसरणार नाही.

तुमची जुनी सुरी अजून माझ्या पट्ट्याला असते. तिची पाठ काटकोनी आहे, टँग टोकापर्यंत दिसतो, आणि दगडावर धार लावून लावून पातं अरुंद झालं तरी मूठ तसूभर हललेली नाही. ती ज्यांनी बनवली त्यांनी वापरणाऱ्याचा विचार केला होता. तीच माणसं अजून तुमच्याकडे असतील तर त्यांना हा नवा फोटो दाखवा आणि ही पाठ गोल का केली ते विचारा. कारण हे मी पुन्हा लिहितो आहे: कोटिंग नसलेली काटकोनी पाठ तुम्ही लेखी कबूल केली होती.

माझ्या मागण्या सरळ आहेत. घोषणेत छापलेलीच सुरी द्या आणि स्टील, टँगची लांबी, पाठ यांची लेखी खात्री द्या. ते जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करा. कूपन, पॉइंट, पुढच्या खरेदीवर सवलत यांतलं काहीही मला नको. डी२ ची सुरी माझ्या संमतीशिवाय पाठवू नका, पाठवलीत तर पार्सल न स्वीकारता परत येईल. ज्यांनी ज्यांनी आगाऊ पैसे भरले आहेत त्या सगळ्यांना हा बदल कळवा, कारण माझ्यासारखे अनेकजण अजून ३व्हीचीच वाट पाहत असणार.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर घोषणेच्या मूळ पानाचा आणि बदललेल्या पानाचा स्क्रीनशॉट, पावती आणि कॉलची वेळ जोडून मी ग्राहक न्यायालयात तक्रार दाखल करेन. सगळे स्क्रीनशॉट जपून ठेवले आहेत. उत्तर ई-मेलवर द्या. फोन करू नका.

आगाऊ नोंदणी केलेला ग्राहक
(ऑर्डर क्रमांक व पावती सोबत जोडली आहे)