बाळ्याला पत्र: शिंगल्सची हत्यारं

प्रिय बाळ्या,

तुझी अकरा मिनिटांची व्हॉइस नोट ऐकली. त्यातली सात मिनिटं माकडांना शिव्या होत्या, त्यामुळे मुद्दा कळायला दोनदा ऐकावी लागली. तर म्हणजे होमस्टेच्या मागे दहा बाय बाराचा गझिबो बांधतोयस, वर कौलं नकोत कारण माकडं आठवड्यात वाट लावतील, म्हणून शिंगल्स, म्हणजे वर खडी लावलेल्या त्या डांबरी पट्ट्या, टाकायच्या आणि त्या मे महिन्यात स्वतः टाकायच्या. आणि मी डिसेंबरात येताना तुझ्यासाठी नेलगन, म्हणजे हवेच्या दाबाने खिळे ठोकणारं यंत्र, आणायची. थांब. गन आणत नाही. का ते सांगतो, कारण नेमकं हेच येडेपण मी इथे न्यू जर्सीत आमच्या शेडवर करून बसलोय आणि शेडचं मापही योगायोगाने तुझंच आहे.

आधी हिशोब ऐक. दहा बाय बाराचं बांधकाम, चारी बाजूंनी सहा इंच बाहेर, उतार बाराला पाच, म्हणजे बारा इंच आडवं गेलं की पाच इंच चढ. अशी दोन पाखी धरली की जेमतेम १५५ चौरस फूट छप्पर होतं. इथे शंभर चौरस फुटाला एक ‘स्क्वेअर’ म्हणतात आणि स्क्वेअरला साधारण तीन गठ्ठे लागतात, म्हणजे कापाकापी धरून सहा गठ्ठे, वर कडेची स्टार्टर पट्टी आणि आढ्यावरच्या टोप्या वेगळ्या. एका शिंगलला चार खिळे धरले तर सगळे मिळून पाचशेच्या आसपास खिळे. पाचशे! गनमध्ये १२० खिळ्यांची गुंडाळी बसते, म्हणजे चार-पाच गुंडाळ्यांत खेळ खल्लास, आणि त्यासाठी कॉम्प्रेसर, पाइप, तेल, आणि तुमच्याकडची लाईट, जी मे महिन्यात कधी असते ते तूच सांग.

मला हा हिशोब करायची अक्कल नव्हती. व्हिडिओत तो माणूस टकटकटक करत पुढे सरकतो ना, ते बघून मी गन आणि कॉम्प्रेसर एका दिवसाच्या भाड्याने आणले. एक पाखं पूर्ण केलं, दीड तासात, जाम खुश. मग दुसऱ्या पाख्याला हात घालणार तर पाऊस आला, दिवस गेला, गन परत करावी लागली, आणि दुसरं पाखं पुढच्या शनिवारी साध्या १६ औंसाच्या हातोडीने ठोकलं, साडेतीन तास लागले, डाव्या अंगठ्याचं नख काळं झालं. पण भाड्याच्या दुकानात दोन खेपा, ते कॉम्प्रेसरचं धूड गाडीतून उतरवणं, पायात येणारा पाइप, हे धरलं तर वेळ सारखाच.

खरी मजा पुढे. मार्च महिन्यात इथे वारा सुटतो, त्यात दोन शिंगल्स उचलल्या गेल्या आणि दोन्ही गनच्या पाख्यावरच्या. वर जाऊन बघतो तर खिळ्याचं डोकं शिंगलच्या आत घुसलेलं, म्हणजे हवेचा दाब जास्त ठेवला की डोकं शिंगल फाडून खाली जातं आणि मग तो खिळा काहीच धरत नाही, नुसता भोकात उभा. हातोडीने मारताना हाताला कळतं रे कुठे थांबायचं, डोकं शिंगलला टेकलं की आवाज बदलतो. शिवाय गनच्या नादात मी खिळे रेघेच्या वर मारलेले. शिंगलवर खिळ्यांसाठी एक पट्टा आखलेला असतो, तिथेच मारायचं, कारण तिथे वरची आणि खालची अशा दोन्ही शिंगल्स एका खिळ्यात सापडतात. वर मारला की एकच सापडते.

तेव्हा हातोडी. ती तुझ्याकडे आहेच. इथे शिंगलसाठी खास कुऱ्हाडीसारखी हातोडी मिळते, एका बाजूला पातं, अंगावर मापाची भोकं. दिसायला भारी, मी घेतलीपण. पण ते पातं लाकडी शिंगल फोडायच्या जमान्यातलं, डांबरी शिंगलला त्याचा उपयोग शून्य, आणि माझ्या हातोडीचं माप पाच इंचाला लावलेलं, तर हल्लीच्या जाड शिंगलची ओळ पाच आणि पाच अष्टमांश इंचाने उघडी ठेवायची असते. पहिल्या तीन ओळी मी त्या मापाने लावल्या आणि मग उचकटल्या. तू रिपेचा तुकडा घे, त्यावर तुझ्या शिंगलच्या पाकिटावरचं माप कापून घे, बास. एका पाख्यावर तेरा ओळी येतील.

आता पैसे कुठे टाकायचे ते. एक म्हणजे ब्लेड. साध्या कटरने वरून कापायला गेलास तर शिंगलवरची ती खडी चार कापात धार घालवते. म्हणून हूक ब्लेड मिळतात, पोपटाच्या चोचीसारखी, तीच साध्या कटरमध्ये बसतात आणि वरूनच कापतात. नसतील तर शिंगल उलटी करून मागून साध्या ब्लेडने रेघ मारायची आणि मोडायची, तेही चालतं. दुसरं सरळ रेघ उठवायला दोरी मारायची रीळ. आपला सुतार गेरूत भिजवून मारायचा तशीच, फक्त पूड निळी घे. मी लाल घेतली, लाल कायमची बसते, अजून आमच्या शेडच्या कडेला कुंकवाचे पट्टे दिसतात, बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

तिसरं शिडी. इथे बाळ्या मी चेष्टा करत नाहीये. तुमची ती बांबूची शिडी आप्पांच्या वेळची आहे, तीवर नारळ काढायला चढ, पण शिंगलचा गठ्ठा तीस-पस्तीस किलोचा असतो, तो खांद्यावर घेऊन त्या शिडीवर नाही. ॲल्युमिनियमची घे, चार फूट उंचीला एक फूट पाय बाहेर ठेव, आणि वरचं टोक छपराच्या कडेपेक्षा तीन फूट वर राहील अशी लाव, म्हणजे उतरताना धरायला काही असतं. गठ्ठा फोडून पाच-सहा शिंगल्स करत वर ने, कुणी बघत नाही. बूट मऊ तळव्याचे. आणि जुन्या सोफ्याचा फोम एक तुकडा, त्यावर बसलं की घसरत नाही आणि खडीने मांडी सोलत नाही. इथले छपरावर काम करणारे लोकही हेच वापरतात, शेजाऱ्याच्या घरावर काम चाललेलं तेव्हा बघितलं.

अजून एक चाकांचा लोहचुंबक असतो, काम संपल्यावर अंगणात फिरवायचा. मला फालतू वाटला होता, मग पोरीने तो ढकलत गवतातून चाळीसेक खिळे काढले. तुमच्याकडे पाहुण्यांची पोरं अनवाणी फिरतात, तेव्हा मोठा स्पीकर फोडून त्यातला मॅग्नेट काठीला बांध पण फिरव.

आता हत्यारापेक्षा महत्त्वाचं, खिळे. पत्र्याचे छत्रीवाले खिळे आणू नकोस, ते शिंगलसाठी नाहीत. चपट्या रुंद डोक्याचे पाहिजेत, डोकं तीन अष्टमांश इंच, आणि खाऱ्या हवेत गॅल्वनाइज जाड असलेले, गरम जस्तात बुडवलेले, नाहीतर दोन पावसाळ्यात गंजाचे ओघळ. तौक्ते वादळ आठवतंय ना, मे २०२१, काकींच्या पडवीची कौलं विहिरीत सापडलेली? म्हणून तू चाराऐवजी सहा खिळे मार. कौल आपल्या वजनावर आणि रिपेला अडकून बसतं, शिंगल खिळ्यांवर आणि खालच्या डिंकाच्या पट्टीवर. ती पट्टी उन्हाने वितळून चिकटते, त्यामुळे मे महिना तुझ्या फायद्याचा, फक्त काम सकाळी दहापर्यंतच कर, नंतर शिंगल इतकी मऊ होते की बुटाचे ठसे उठतात. हो, आणि शिंगलच्या मागे एक प्लास्टिकची पारदर्शक पट्टी असते ती काढायची नाही, ती गठ्ठ्यात एकमेकांना चिकटू नयेत म्हणून असते. मी पहिल्या वीस शिंगल्सच्या सोलून काढल्या, नखं मोडेपर्यंत.

आणि इथेच तुझ्या गझिबोचा खरा घोळ आहे, जो तुझ्या व्हॉइस नोटमध्ये कुठेच नव्हता. खिळा लाकडात पाऊण इंच जायला पाहिजे किंवा पातळ प्लाय असेल तर आरपार जायला पाहिजे. शेडमध्ये आरपार गेले तरी कोण बघतंय, आत लॉनमोअर उभा आहे. पण गझिबोत माणूस खाली झोपाळ्यावर बसणार आणि मान वर केली की सातशे टोकं डोक्यावर! तर प्लाय टाकणार असशील तर खालून सिलिंग लागेल, नाहीतर मग दीड इंची फळ्या टाक आणि सव्वा इंची खिळे घे, टोकं आतच राहतील. फळी पूर्ण वाळलेली हवी, ओली आकसली की वरची शिंगल सुरकुतते. प्लाय घेतलास तर पाण्याला टिकणारा, आणि वाळवीचं औषध आधी.

फळीवर आधी अंडरलेमेंटचा कागद, म्हणजे शिंगलखालचा पाणी अडवणारा थर, तो पागोळीकडून वर चढवत न्यायचा. पागोळीला पत्र्याची ड्रिप एज, म्हणजे पाणी कडेबाहेर गळवणारी पट्टी, कागदाच्या खाली आणि बाजूच्या उतरत्या कडांना कागदाच्या वर, हे उलटं झालं की पाणी आत. त्यासाठी पत्रा कापायची कात्री लागेल, ती राजापुरात मिळेल.

सुताराला फळीची जाडी विचारून दोन दिवसांत कळव, म्हणजे खिळे किती लांबीचे ते ठरेल. हूक ब्लेडची दोन पाकिटं आणि निळ्या पुडीची रीळ चेक-इन बॅगेत टाकतो. ती मापाची कुऱ्हाड-हातोडी पण आणतो, तू नारळ फोडायला वापर.

काकींना नमस्कार सांग.

तुझा,
नंदू