शिक्षणमंत्र्यांना सोलापुरातून पत्र: इंग्रजी हवी, पण शाळा आमच्या भाषेतली हवी

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: जगाची भाषा इंग्रजी आहे म्हणून मराठी शाळा नकोत, या समजुतीबाबत

मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात निर्यातीची कागदपत्रं बघतो. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शिक्षण महापालिकेच्या मराठी शाळेत आणि पोटापाण्याची भाषा इंग्रजी, असं माझं आयुष्य आहे. दिवसातले सात-आठ तास मी इंग्रजीतच लिहितो. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, एलसीतल्या, म्हणजे ग्राहकाच्या बँकेच्या हमीपत्रातल्या अटी, लॅब डिपची, म्हणजे रंगाच्या नमुन्याची शेड पास झाली का याची विचारणा. इंग्रजीवर माझा राग असायचं कारणच नाही. तिनं माझं घर चालवलं आहे.

तरीही आपल्याला पत्र लिहायला बसलो, कारण एक वाक्य आता सहन होईना. "जगाची भाषा इंग्रजी आहे, मग पोरांना मराठीत घालून काय करायचं?" यंत्रमागाच्या खडखडाटात हे वाक्य ऐकतो, विडी वळणाऱ्या बायांच्या तोंडून ऐकतो, लग्नाच्या पंगतीत ऐकतो. आई दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळते आणि त्या पैशातून इंग्रजी माध्यमाची फी भरते. तिच्या कष्टाला मी हात जोडतो. पण तिला कुणीतरी हे सांगायला हवं, की वाक्याचा पहिला भाग खरा असला तरी दुसरा त्यातून निघत नाही. इंग्रजी जगाची भाषा कशी झाली, ते कळलं की हे आपोआप उमगतं.

मी नोकरीला लागलो तेव्हा नमुने टपालानं परदेशी जायचे. पाकिटावर निळी चिठ्ठी चिकटवायची. तिच्यावर 'हवाई डाक' आणि 'बाय एअर मेल' यांच्या जोडीला 'पार आव्हियों' असे शब्द असायचे. मला तेही इंग्रजीच वाटले. पोस्टातल्या एका वयस्कर बाबूंनी सांगितलं, की ही फ्रेंच आहे, जागतिक टपालाचा कारभार फ्रेंचमध्ये चालत आलाय. इंग्रजीच्या आधी या जागेवर दुसरी भाषा होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आणि ती थोडीथोडकी वर्षं नव्हती. १७१४ सालचा राश्टाटचा तह फ्रेंचमध्ये लिहिला गेला, आणि पुढं दोन शतकं युरोपातल्या राजांचे आपसातले व्यवहार फ्रेंचमध्येच चालले. रशियातले सरदार घरातसुद्धा फ्रेंच बोलत. १९१९ साली व्हर्सायचा तह झाला तेव्हा मात्र तो फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहिला गेला आणि दोन्ही मसुदे सारखेच प्रमाण मानले गेले. त्या साली फ्रेंच काही अवघड झाली नव्हती, की इंग्रजी सोपी झाली नव्हती. टेबलापाशी ब्रिटनचे लॉइड जॉर्ज होते, अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन होते आणि युद्ध त्यांच्या बाजूनं जिंकलं होतं.

विज्ञानाचंही तेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रसायनशास्त्र शिकायचं तर जर्मन यावीच लागे. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला, शास्त्रज्ञ देश सोडून निघाले, त्यातले कितीतरी अमेरिकेत गेले आणि इंग्रजीत लिहू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप ढिगाऱ्यात होता आणि अमेरिकेचे कारखाने धडधडत होते. १९४४ साली अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सच्या परिषदेत जगाच्या पैशाचा हिशोब डॉलरमध्ये ठरला. पुढं संगणक तिथं वाढला, आणि संगणकात अक्षरं साठवायच्या १९६३ सालच्या आस्की संकेतात जागा होत्या १२८, अक्षरं फक्त रोमन. आपल्या देवनागरीला युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक संकेतात, जागा मिळाली ती १९९१ साली.

सोलापूरकराला हे पुस्तकातून शिकायची तशी गरज नाही. जुनी मिल इथं १८७७ साली उभी राहिली. यंत्रं विलायतेची, म्हणून बॉबिन, शटल, स्पिंडल, बीम हे शब्द तेलुगू विणकराच्याही जिभेवर बसले. चादरीवरची नक्षी ज्या जेकॉर्डवर उमटते तो शब्द मात्र फ्रेंच आहे, लियों शहरातल्या कारागिराचं ते आडनाव. यंत्र जिथून आलं तिथून शब्द आला. आणि काही शब्द बंदुकीच्या बळावर आले. १९३० च्या मे महिन्यात इंग्रजांनी इथं लष्करी अंमल लावला आणि 'मार्शल लॉ' हा शब्द सोलापूरच्या घराघरात पोचला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा फासावर गेले. आजही आमच्याकडची म्हातारी माणसं 'मार्शल लॉ' असंच म्हणतात, त्याला मराठी शब्द शोधत बसत नाहीत.

इंग्रजी सोपी म्हणून पसरली असं कुणी म्हणालं तर त्यानं माझ्या पुतणीला ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं शिकवून बघावीत. 'टफ'मध्ये त्यांचा एक उच्चार, 'दो'मध्ये दुसरा, 'थ्रू'मध्ये तिसरा. ही भाषा जहाजं, गिरण्या, तारायंत्राच्या केबली, दोन महायुद्धं आणि डॉलर यांच्या पाठीवर बसून जगभर गेली. आपल्या देशात १८३५ साली मेकॉले या इंग्रज अधिकाऱ्याच्या टिपणानंतर सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळला. स्वातंत्र्यानंतर केंद्राच्या कारभाराची भाषा म्हणून १९६५ साली तिची मुदत संपायची होती. हिंदीच्या विरोधात तमिळनाडू पेटलं आणि ती राहिली, कारण ती कुणाचीच नसल्यानं कुणावर अन्याय झाल्यासारखं वाटत नव्हतं. त्यात मला काही वावगं दिसत नाही.

आता माझ्या टेबलावर या. माझा एक ग्राहक जर्मनीत आहे, एक जपानमध्ये. रोज आमचं इंग्रजीत चालतं. इंग्रजी त्यांची मातृभाषा नाही, माझीही नाही. आमची वाक्यं छोटी असतात, शब्द ठरलेले असतात आणि टॉवेलच्या जीएसएममध्ये, म्हणजे दर चौरस मीटरच्या वजनात, एका आकड्याचीही गफलत होत नाही. एकदा बोलता बोलता मी दोघांनाही विचारलं, तुम्ही शाळेत कुठल्या भाषेत शिकलात? जर्मन गृहस्थ जर्मनमध्ये शिकले होते, जपानी बाई जपानीत. गणित, विज्ञान, इतिहास, सगळं. इंग्रजी त्यांना एक विषय होती, पण तो विषय नीट शिकवला गेला होता. नेदरलँड्स आणि स्वीडनमधली माणसं इंग्रजी किती सफाईनं बोलतात, आणि त्यांच्या शाळा डच आणि स्वीडिशमध्ये चालतात. मंत्री महोदय, जगानं इंग्रजी स्वीकारली ती दुसरी भाषा म्हणून. पहिली भाषा सोडून ती घ्यायची, हा उद्योग आपण चालवला आहे.

त्याची किंमत मी पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मुलगा लागला. बालवाडीपासून इंग्रजी माध्यम, उच्चार असे की मी दबकून राहायचो. ग्राहकाची मेल आली: शेड कन्फर्म केल्याशिवाय माल पाठवू नका. इंग्रजीत त्यात 'अनलेस' होतं. त्यानं ती मोठ्यानं, छान वाचली आणि गाडी भरायला सांगितली. मी धावत जाऊन ट्रक थांबवला. मग त्याला जवळ बसवून म्हटलं, याचा अर्थ तेलुगूत सांग. येईना. मराठीत सांग. येईना. शेवटी इंग्रजीतच दुसऱ्या शब्दांत सांग म्हटलं, तर त्यानं तेच वाक्य पुन्हा वाचून दाखवलं. त्याचे डोळे भरून आले होते. पोरगा हुशार होता. दहा वर्षं त्याला प्रश्नोत्तरं पाठ करायला लावली होती, आणि विचार करायला एकही भाषा पुरती दिली नव्हती. त्याचे वडील मागावर दोन पाळ्या करायचे.

आमचा ट्रक फाटकातच थांबला. प्रत्येक वेळी तसं होत नाही. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानं धडकून ३४९ माणसं गेली. कझाक विमानाच्या चालकदलाला इंग्रजी सूचना नीट न समजणं हे चौकशीत पुढं आलेलं एक कारण होतं. पुढं २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांवरच्या वैमानिकांची इंग्रजी तपासायची पातळी ठरली. त्या परीक्षेत तुमचा उच्चार लंडनचा आहे का हे बघत नाहीत. समोरच्याला कळतो का, एवढंच बघतात, आणि त्याच्याबरोबर तुम्हाला त्याचं म्हणणं समजतं का आणि अडचणीच्या वेळी उत्तर देता येतं का, हे बघतात.

आमच्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले. तिथल्या जखमी सैनिकांची भाषा चिनी होती, म्हणून ते चिनी शिकले. बोलू लागले, लिहू लागले. तिशीच्या उंबरठ्यावरचा माणूस गरज पडल्यावर इतकी परकी भाषा आपलीशी करतो, कारण त्याची मुळातली समज पक्की असते. ती समज मुलाला पहिल्या काही वर्षांत घरच्या भाषेत मिळते. राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० क हेच सांगतो, २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत मातृभाषा म्हणतं. नवं काही मागत नाही मी.

मागणं इतकंच आहे. सोलापुरातल्या मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू शाळा पट कमी झाला म्हणून मिटवू नका, आणि पट कमी का झाला ते आधी पाहा. पालक मराठीला कंटाळून गेलेले नाहीत. इंग्रजी मिळत नाही म्हणून गेले आहेत. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली त्याला २००० सालापासून किती वर्षं झाली, ते आपणच मोजा. आमच्या भागातल्या एका शाळेत ती शिकवणाऱ्या बाईंनी मला स्वतः सांगितलं, "मला दोन वाक्यं बोलायची भीती वाटते हो, मी पोरांना काय बोलायला लावू?" त्या बाई मेहनती आहेत. त्यांना कुणी इंग्रजी बोलायला शिकवलंच नाही. सहा महिने, आठवड्यातून दोन दिवस, भरपगारी सुट्टी देऊन त्यांना बोलायला शिकवा. पुस्तकातल्या कवितेचं भाषांतर फळ्यावर उतरवून घेण्याचा तास बंद करा आणि त्या वेळात मुलांना एकमेकांशी बोलू द्या, चुकू द्या. माझ्यासारखी रोज इंग्रजीत काम करणारी माणसं एमआयडीसीत पुष्कळ आहेत. बोलावलंत तर शनिवारी सकाळी आम्ही फुकट येऊ, मुलांना खऱ्या मेल दाखवू, इनव्हॉइस दाखवू.

आणि आपला सोलापूर दौरा ठरला, की सत्कार आटोपल्यावर अर्धा तास काढा. पूर्व भागातल्या कुठल्याही महापालिका शाळेत तिसरीच्या वर्गात मागच्या बाकावर बसा आणि इंग्रजीचा तास शेवटपर्यंत ऐका. मग शेजारच्या खासगी इंग्रजी शाळेतला तिसरीचाच विज्ञानाचा तास ऐका. दोन्ही वर्गांत एका मुलाला जवळ घेऊन विचारा, आज काय समजलं ते तुझ्या भाषेत सांग. मला वेळ कळवलीत तर मी फाटकाशी उभा असेन.

आपला नम्र,
टॉवेल कारखान्यातला एक निर्यात कारकून
पूर्व भाग, सोलापूर