ट्रिनिटी परत आली, बंड्या

प्रिय बंड्या,

काकू गेल्याचं कळवणाऱ्या तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. काकूंबद्दल काय लिहावं तेच सुचेना. आज लिहू, उद्या लिहू करता करता इतके दिवस गेले की लिहायचीच लाज वाटायला लागली. रागावला असशील तर ते बरोबरच आहे. माझी तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. काल रात्री मॅट्रिक्स चित्रपटाचा चौथा भाग पुन्हा पाहिला. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

डिसेंबर २०२१ मध्ये आला तेव्हा एकट्यानंच पाहिला होता. तुला मुद्दामच कळवलं नाही. मी चिडलो होतो आणि तू खूश असणार याची खात्री होती. २००३ चं भांडण विसरला नसशील. मे महिन्यात दुसरा भाग, नोव्हेंबरात तिसरा, आणि त्यानंतर आठ दिवस तुझा अबोला. तिसऱ्यात नायिकेला, ट्रिनिटीला, मारायची गरज नव्हती, हे तुझं म्हणणं. मी म्हणायचो, गरज होती. यंत्रांच्या शहरात जहाज आदळतं, तिच्या अंगातून सळया आरपार गेलेल्या, आणि डोळे गेलेला नायक निओ तिला चाचपडत शोधतो. हे खरं नसेल तर आधीच्या सगळ्याला काय अर्थ? पक्या मध्ये पडला नसता तर आपण अजून बोललो नसतो.

पुढे तोच तिसरा भाग तुझ्या घरी पाहताना काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मग ती पुढच्या भागात परत येते ना?" मी मोठ्या शहाणपणानं सांगितलं, "काकू, आता पुढचा भाग नाहीच." त्या नुसतं "असं होय" म्हणाल्या आणि आत गेल्या.

आता माझी तक्रार ऐक. १८ वर्षांनी चित्रपट काढायचा आणि मारामाऱ्या अशा उरकायच्या? पहिल्या तिन्हींना मारामाऱ्या बसवायला युएन वू-पिंग होते. कुणी कुणाला कुठे मारलं ते डोळ्यांना दिसायचं. १९९९ साली गच्चीवर निओ गोळ्या चुकवतो त्या एका प्रसंगासाठी शंभरच्या वर कॅमेरे गोलात मांडले होते, आणि इथे नुसती घुसळण. मॉर्फियस झालेला फिशबर्न नाही, खलनायक स्मिथ झालेला वीव्हिंग नाही. तू म्हणशील, भविष्य सांगणारी ती ओरॅकलसुद्धा तिसऱ्यात बदलली होती. पण ग्लोरिया फॉस्टर २००१ मध्ये गेल्या म्हणून मेरी ॲलिस आल्या, आणि तो बदल त्यांनी गोष्टीतच मुरवून घेतला. इथे मॉर्फियस आणि स्मिथ नवे असण्याची कारणं सांगतात, पण ती मनाला पटत नाहीत. शिवाय पहिला पाऊण तास निओ गेम बनवणारा, त्याच्या गेमचं नाव मॅट्रिक्स, आणि कंपनीला हवा त्याचा पुढचा भाग. चित्रपट स्वतःबद्दलच बोलत बसतो. जिना उतरताना, रात्री, काळा चष्मा लावणारा तूसुद्धा तिथे कंटाळला असशील. (ते टाके अजून दिसतात का रे?)

आणि तरीही बंड्या, काल मी रडलो.

हा चित्रपट पहिले तिन्ही करणाऱ्या दोघी बहिणींनी नाही, एकट्या लाना वाचोव्स्कीनं केलाय. थोड्या काळाच्या अंतरानं तिचे आई-वडील गेले. तिनं जाहीरपणे सांगितलंय की आई-बाबा तर परत मिळणार नव्हते, पण निओ आणि ट्रिनिटी मिळू शकत होते, म्हणून तिनं हे लिहिलं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा हे वाचून मी म्हटलं होतं, हिच्या दुःखासाठी आपण आपला शेवट का मोडू द्यायचा? आता तसं म्हणवत नाही. पण नुसत्या सहानुभूतीपोटी चित्रपट चांगला ठरवतोय की काय, हेही मला छळतंय. रात्रभर तेच डोक्यात होतं.

कॅफेतला तो प्रसंग बघ. दोघांना काही आठवत नाही. तिचं नाव टिफनी, नवरा आहे, मुलं आहेत. ओळख करून देतात, हात मिळवतात, आणि हात सुटायला हवा तेव्हा सुटत नाही. त्यात सहानुभूतीचा काही संबंध नाही, ते चांगलंच आहे. आणि शेवटी गच्ची. निओ झालेला किआनू आणि ट्रिनिटी झालेली कॅरी-ॲन मॉस या दोघांनी ती उडी खरोखर उंच इमारतीवरून मारली, तारा बांधून, पुन्हा पुन्हा. निओला उडता येत नाही, सबंध चित्रपटभर येत नाही, आणि मग कळतं की खाली पडत नाहीत ते तिच्यामुळे. ती उडतेय. त्याचा हात धरून.

मला काकूच दिसल्या दारात उभ्या. मी त्यांना चुकीचं सांगितलं होतं रे.

तुझ्या बदलीचं काय झालं? धाकटीचा निकाल लागला असेल, कळव. वहिनींना नमस्कार सांग.

पुढच्या महिन्यात येतो. आधीच यायला हवं होतं. चौथा भाग आपण दोघं मिळून पाहू. मारामाऱ्यांना मी कुरकुरणार, तेवढं ऐकून घे.

तुझा,
नंदू

ता. क. तिसऱ्याचा शेवट बरोबरच होता. त्यावर मी अजून ठाम आहे.