एन्टेबेहून आई-बाबांना

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, मागच्या फोनवर तुम्ही जो प्रश्न विचारलात, त्याचे उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखे नव्हते, म्हणून हे पत्र. "एड्सच्या अभ्यासासाठी तू युगांडात गेलीस हे समजते, पण आता लोकांचे बीपी आणि साखरच मोजायची असेल, तर ती कराडलाही मोजता येईल की," असे तुम्ही म्हणालात आणि आईनेही मागून दुजोरा दिला. तुमचे म्हणणे रास्त आहे. साथरोगशास्त्र शिकायला निघाले तेव्हा साथ म्हणजे संसर्ग, एवढेच आपण सर्वजण धरून चाललो होतो. गेल्या काही वर्षांत माझे काम ज्या दिशेने वळले आहे, ते तुम्हाला नीट समजावे अशी माझी फार इच्छा आहे.

व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, तेव्हाच्या राकाई जिल्ह्यात कासेन्सेरो नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. 1982 मध्ये तिथली माणसे झिजून झिजून मरू लागली. लोकांनी त्या आजाराला 'स्लिम' म्हणायला सुरुवात केली आणि 1985 मध्ये युगांडाच्या डॉक्टरांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केल्यावर तो एड्सच असल्याचे जगापुढे आले. युगांडा सरकारने ब्रिटनकडे मदत मागितली आणि 1989 मध्ये क्यामुलिब्वा या ग्रामीण भागातील शेजारशेजारची गावे निवडून तिथल्या प्रत्येक घराची नोंद सुरू झाली. पहिल्या दोन वर्षांच्या नोंदींतून जे दिसले ते आजही वाचताना अंगावर काटा येतो. प्रौढांपैकी सुमारे 8 टक्केच लोक एचआयव्हीबाधित होते, परंतु प्रौढांच्या एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे त्या विषाणूमुळे झालेले होते. रुग्णालयाच्या केसपेपरांवरून हे कधीच कळले नसते, कारण रुग्णालयात जो येतो तोच दिसतो. घरीच आजारी पडून घरीच गेलेला माणूस फक्त अशा घरोघरच्या नोंदीत सापडतो.

ही नोंद आजही चालू आहे आणि माझ्या कामाचा मुख्य आधार तीच आहे. आता 25 गावे आणि 20,000 हून अधिक माणसे त्यात आहेत. कोण जन्मले, कोण लग्न होऊन आले, कोण कंपालाला कामाला गेले, कोण वारले, हे सर्व टिपले जाते. मृत्यू झाल्यास काही काळ जाऊ देऊन आमचे कार्यकर्ते त्या घरी जातात, अंगणात चटईवर बसतात आणि शेवटच्या दिवसांत ताप होता का, खोकला किती दिवस होता, पायांवर सूज होती का, एक बाजू लुळी पडली होती का, असे एकेक विचारत जातात. त्या उत्तरांवरून डॉक्टर मृत्यूचे कारण ठरवतात. जिथे मृत्यूचा दाखला क्वचितच मिळतो, तिथे माणूस कशाने गेला हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही. पूर्वी या कागदांवर ताप, जुलाब आणि झीज यांचीच गर्दी असे. अलीकडे लुळी पडलेली बाजू वारंवार भेटते.

हे बदलले त्यात आपल्याकडच्या माणसांचा मोठा वाटा आहे. एचआयव्हीवरच्या तीन औषधांच्या एकत्रित उपचाराला एका रुग्णामागे वर्षाला 10,000 डॉलरहून अधिक खर्च येत असे. 2001 मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या डॉ. युसुफ हमीद यांनी तोच उपचार दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी, म्हणजे वर्षाला 350 डॉलर दराने देऊ केला. 2004 पासून इथल्या सरकारी दवाखान्यांत ही औषधे मोफत मिळू लागली. जी माणसे चाळिशी गाठणार नव्हती, ती आज साठीत आहेत. तेव्हा त्यांना वाचवले आणि आता त्यांच्या म्हातारपणाचे काय, हा प्रश्न मी टाळावा असे मला वाटत नाही.

मागच्या फेरीत क्यामुलिब्वात अशाच एक आजी तपासणीला आल्या होत्या. आमच्याकडे पद्धत अशी, की आधी माणसाला पाच मिनिटे शांत बसवायचे, हात टेबलावर छातीच्या पातळीला ठेवायचा, दंडाच्या घेराप्रमाणे पट्टा निवडायचा, थोड्या थोड्या वेळाने तीनदा रक्तदाब घ्यायचा आणि शेवटच्या दोहोंची सरासरी धरायची. आजींची सरासरी 180 च्या वर गेली. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एचआयव्हीच्या दवाखान्याची सर्व कार्डे काढून दाखवली. इतक्या वर्षांत त्यांची गोळी एकदाही चुकलेली नव्हती आणि विषाणू पूर्ण आटोक्यात होता. मात्र 'प्रेशर'ची गोळी सांगितली होती ती जवळच्या आरोग्य केंद्रात संपलेली होती आणि बाहेरून विकत घेण्याइतके पैसे त्यांच्याकडे नव्हते. ज्या बाईंना एड्सने नेले नाही, त्यांना दोन-चार रुपयांच्या गोळीअभावी पक्षाघात व्हावा, हे मला सहन होत नाही.

त्या आजी एकट्या नाहीत. 2014 च्या राष्ट्रीय पाहणीत युगांडातील प्रौढांपैकी चौथा हिस्सा उच्च रक्तदाबाचा आढळला आणि त्यांतल्या जेमतेम 8 टक्के लोकांनाच आपल्याला हा आजार आहे हे ठाऊक होते. यावर उपायही दिसू लागला आहे. युगांडा आणि टांझानियातील 32 आरोग्य केंद्रांत एचआयव्ही, मधुमेह आणि रक्तदाब या तिन्हींच्या रुग्णांना एकाच दवाखान्यात, एकाच रांगेत तपासण्याचा प्रयोग झाला. 2023 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: एकत्र आणल्यामुळे एचआयव्हीच्या उपचारात कुठेही कमतरता आली नाही. शिवाय या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला कोणता आजार आहे हे बघणाऱ्याला कळत नाही. मला स्वतःला हा लाभ आकड्यांइतकाच मोलाचा वाटतो.

आणखी एक गोष्ट मला इथे राहूनच उमगली. संसर्गाचे आजार एका कप्प्यात आणि दीर्घकाळचे आजार दुसऱ्या कप्प्यात, ही विभागणी आमच्या पाठ्यपुस्तकांनी केली. शरीर ती मानत नाही. कंपालाच्या मुलागो रुग्णालयातील शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी 1958 मध्ये लहान मुलांच्या जबड्याला होणाऱ्या एका कर्करोगाचे वर्णन केले. तो कुठे कुठे आढळतो हे पाहण्यासाठी 1961 मध्ये ते मोटारीने पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत सुमारे 10,000 मैल हिंडले आणि हिवतापाचा पट्टा तोच त्या कर्करोगाचाही पट्टा, असे चित्र उभे राहिले. पुढे 1964 मध्ये त्या गाठींत एपस्टीन-बार विषाणू सापडला. इथल्या स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा गर्भाशयमुखाचा कर्करोगही विषाणूमुळेच होतो आणि एचआयव्ही असलेल्या स्त्रीला त्याचा धोका सुमारे सहापट असतो.

बाबा, तुमची दर तीन महिन्यांची एचबीएवनसीची तपासणी यात कशी येते, ते पाहा. ती तपासणी तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते, म्हणून तिचा आकडा त्या पेशी किती दिवस जगतात यावरही अवलंबून असतो. क्यामुलिब्वाच्याच सुमारे 6,400 लोकांच्या जनुकांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. अल्फा थॅलेसेमिया या रक्तविकाराचा जो जनुकीय बदल इथे पिढ्यानपिढ्या हिवतापापासून बचाव करत आला, त्याचा या तपासणीच्या आकड्यावर परिणाम होतो, असे त्यात दिसले. म्हणजे हजारो वर्षांच्या हिवतापाची छाया आजच्या मधुमेहाच्या निदानावर पडलेली आहे. मधुमेह ठरवण्यासाठी युरोप-अमेरिकेत ठरलेली 6.5 टक्क्यांची रेघ इथे तशीच ओढावी की नाही, हे इथल्या माणसांचेच रक्त तपासून ठरवावे लागेल. आणि हा प्रश्न केवळ आफ्रिकेचा नाही. आपल्या नंदुरबार आणि गडचिरोलीत सिकलसेल आहे, आणि त्यामुळेही या तपासणीचा आकडा फसवा येऊ शकतो.

कराडचे उत्तरही यातच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि त्यांची बाळे यांचा जो पाठपुरावा केला, त्याला जगभर मान आहे. जन्मतः किरकोळ दिसणाऱ्या आपल्या बाळांच्या अंगात चरबी मात्र टिकून असते, हे त्यांनीच दाखवले. इथेही मधुमेहाचे कितीतरी नवे रुग्ण सडपातळ असतात, त्यामुळे माझ्या टेबलावर पुण्याचे शोधनिबंध कायम उघडे असतात. बीपी कुठेही मोजता येते, यात शंका नाही. पण 1989 पासून न तुटलेली, एचआयव्हीच्या सर्वांत वाईट काळापासून आजच्या पक्षाघातांपर्यंत त्याच गावांची कहाणी सांगणारी नोंद जगात फार थोड्या ठिकाणी आहे. अशी नोंद एकदा खंडित झाली, तर मधली वर्षे कितीही पैसा ओतला तरी परत मिळत नाहीत. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत अचानक थांबवली तेव्हा इथल्या कितीतरी दवाखान्यांची घडी विस्कटली. त्या दिवसांपासून ही काळजी माझ्या मनातून जात नाही.

म्हणून मी इथले काम पुढे चालू ठेवण्याचे मान्य केले आहे. तुम्ही दोघे एकटे आहात, आईचे गुडघे दुखतात, हे सर्व डोळ्यांसमोर ठेवूनच मी हा निर्णय घेतला आहे आणि तो सोपा नव्हता. सध्या दोन तरुण युगांडी सहकारी विश्लेषणाचे काम माझ्यासोबत शिकत आहेत. ते दोघे तयार झाले, की पाहणीची सूत्रे त्यांच्याकडेच जावीत, कारण गावे त्यांची आहेत आणि तिथली भाषाही त्यांची आहे. दिवाळीला मी येतेच आहे. त्या वेळी याबाबत समोरासमोर बोलू, आणि तुमचा विरोध असेल तर तोही मनापासून ऐकेन.

तोवर आई, बाबांचे बीपी मी वर लिहिले आहे तसेच घे. आधी अर्धा तास चहा नको, पाय जमिनीला टेकलेले हवेत आणि मोजताना दोघांनीही बोलायचे नाही. आकडे तारखेसह वहीत लिहून दर रविवारी मला कळवत जा. बाबा, आकडा चांगला आला म्हणून गोळी परस्पर बंद करू नका.

तुमची
मुलगी